वाकळ अजून मुद्देमालात आहे

तात्या, तुमचं प्रतिज्ञापत्र अजून माझ्या पिशवीत आहे. सहीच्या जागी मी पेन्सिलीनं केलेली फुलीही तशीच आहे. मंगळवारी येतो म्हणाला होतात, आणि रविवारी दुपारी तुमच्या सुनेचा, गंगव्वाचा, फोन आला. म्हणाली, मामा गेले, छातीत कफ दाटला होता, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं. मनात आलं, आता सही कोण करणार. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं, पण आधी हे आलं.

आज तेरा दिवस झाले. सोमवारी शेवंताबाईच्या अपिलाची सुनावणी आहे. ती अजून आतच आहे. तुमची वाकळही अजून मुद्देमालातच आहे. ती परत मिळावी म्हणून दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा सांगितलं, शोधतो. आणि मी इथे सांगलीत ऑफिसात बसून तुम्हाला हे लिहिते आहे, कारण तुमच्याशी भांडण अर्धं राहिलंय. अर्धं भांडण टाकून जायची तुमची सवय नव्हती.

खरं तर तुमच्या अटकेआधी मला हेळवी म्हणजे काय तेच धड माहीत नव्हतं. मी वडूजची. आमच्या भागातल्या धनगरांच्या, मराठ्यांच्या घरी सुगी झाली की हेळवी बैलावर बसून यायचा, घंटा वाजवायचा आणि त्या घराण्याच्या सात-आठ पिढ्यांची नावं सुरात म्हणायचा. कोण कुठून आला, कुणाला किती लेकरं, कोण दुष्काळात मेंढरं घेऊन गेला तो परत आलाच नाही. घरातलं नवं बाळ चोपडीत लिहून घ्यायचा आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचा. हे सगळं मला तुम्हीच सांगितलंत. आमच्या वस्तीकडे तो बैल कधी वळला नाही. त्यावरून आपलं काय वाजलं ते पुढे येईलच.

तुमचा मूळपुरुष पांगळा होता म्हणे. म्हणून हेळवी बैलावर बसला की पाय दुमडून वरून वाकळ घेतो आणि नावं पुरी होईपर्यंत पाय दाखवत नाही, खाली उतरत नाही. दारातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की त्याचे पाय धडधाकट आहेत. कोर्टात आम्ही गळ्याला पांढरा पट्टा बांधतो तो काही गळा दुखतो म्हणून नव्हे, असं मी पुढे मॅजिस्ट्रेटना सांगितलंही. ते हसले. पण हे मी सांगितलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तुमची यजमान घरं गाव सोडून सांगलीत आली, तसे तुम्हीही त्यांच्यामागे शहरात यायला लागलात. त्या दिवशी बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत हळदीच्या अडतीवर काम करणाऱ्या एका यजमानाच्या दारात तुम्ही बैलावर बसून नावं म्हणत होतात. कोणी मोठे पाहुणे शहरात यायचे होते, आणि रस्ते साफ करायची मोहीम निघाली होती. साफ म्हणजे कचरा आणि माणसं, दोन्ही. फौजदारांनी तुम्हाला उतर म्हणून सांगितलं. तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, "तीन पिढ्या ऱ्हाईल्यात सायेब, उरकून उतरतो." हेळवी अर्ध्या घराण्यावर थांबत नाही, हे फौजदारांना कुठून माहीत असणार. त्यांना ती मस्ती वाटली. त्यांनी वाकळ ओढली. खालून दोन चांगले पाय निघाले, तुम्ही ते खाली सोडलेत, आणि नावं म्हणत म्हणतच गाडीकडे चालत गेलात. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग घेतलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या सांगलीच्या फोनवर होतं. पोलीस बघताच लंगडा भिकारी कसा ताडताड चालायला लागला बघा.

त्याच गाडीत शेवंताबाईला घातलं होतं. ती बसस्थानकाच्या पायरीवर बसायची. गाणं नाही, पोथी नाही, विकायला सुया-दोरेसुद्धा नाहीत. नुसता हात. तुम्ही येता-जाता तुमच्या झोळीतलं मूठभर तिच्या पदरात टाकायचात आणि तिला आक्का म्हणायचात, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवशी विधी सेवेच्या यादीत माझी पाळी होती. ज्यांना वकील नाही त्यांना मी. मी पोचले तेव्हा तुमचा जबाब लिहून झाला होता आणि खाली तुमची झोकदार सही होती. मी वाचला आणि कपाळाला हात लावला. त्यात लिहिलं होतं, मी मागून खातो, मागणे हा माझा वडिलोपार्जित हक्क आहे, वाटणीत माझ्याकडे बारा गावे आली आहेत. अहो तात्या, रस्त्यावर मागणं हाच ज्या कायद्यात गुन्हा, त्या कायद्याखाली धरलेला माणूस असा जबाब देतो का. कायदा स्पष्ट आहे. गाऊन मागा, नाचून मागा, भविष्य सांगून मागा, काही फरक पडत नाही. चोरानं चोरी कबूल केली तर ती निदान मान खाली घालून करतो. तुम्ही तर छाती काढून, गावांची नावं अनुक्रमानं सांगून कबूल केलं होतंत.

मी रागावून विचारलं तर तुम्हाला माझाच राग आला. तुम्ही मला समजावून सांगितलंत की ही गावं तुमच्या आजानं तुमच्या बापाला दिली, बापानं दोघा भावांत वाटली, आणि भावानं तुमच्या गावात पाऊल टाकलं तर जातीची पंचायत बसते. त्यात लपवण्यासारखं काय आहे, सातबारा माणूस लपवतो का. तुमच्या डोक्यात मागणं हे जमिनीसारखं होतं. पोलिसांनी विचारलं आणि तुम्ही उतारा दाखवल्यासारखं दाखवलंत.

आता कोर्टातलं सांगते. तुम्हाला माहीतच आहे, पण मी ते तुमच्यासमोर कधी नीट उच्चारलं नाही.

तुमचा जबाब मोडून काढायचा तर मला एकच वाट दिसत होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझा अशील भिकारी नाही. त्याच्याबरोबर आज इथे आणलेल्या इतरांसारखा तो रिकामा हात पसरत नाही. तो घराण्यांचा इतिहास सांभाळतो, बदल्यात दक्षिणा घेतो, ही विद्या आहे, भीक नव्हे. चोपडी दाखवली. वाकळेचं सांगितलं. मी चांगली बोलले तात्या, मला बोलता बोलताच कळत होतं की चांगलं जमतंय. मॅजिस्ट्रेटनी चोपडीची चार पानं उलटली आणि तुम्हाला सोडलं.

पुढचं प्रकरण शेवंताबाईचं होतं. तिचीही वकील मीच. मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडे बघून सरळ विचारलं, यांची काही विद्या आहे का. पाच मिनिटांपूर्वीचं माझंच वाक्य माझ्या वाटेत आडवं पडलं होतं. मी वयाचं बोलले, तब्येतीचं बोलले, दया दाखवा म्हणाले. दया हा शब्द कोर्टात मी कधी वापरत नाही, त्या दिवशी वापरला. कुणी नातेवाईक आहे का, जामीन राहील असं कुणी आहे का, असं विचारलं. शेवंताबाई गप्प उभी होती. साताऱ्याच्या बाजूच्या भिक्षेकरी गृहात एक वर्ष, असा हुकूम झाला. तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकत होतात.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता तुम्ही आभार मानाल. चार लोक मानतात, तेवढं सुख आमच्या धंद्यात आहे. तुम्ही जिना उतरलात, खाली थांबलात, आणि वर बघून म्हणालात, "वकीलबाई, तुमी मला सोडवलं न्हाई. तिला धरून दिलं."

मला ते लागलं. लागलं म्हणून मी तुम्हाला टाकून बोलले. म्हणाले, गप घरी जा, बैल कोंडवाड्यात आहे तो आधी सोडवा. आणि ऑफिसात येऊन दार लावून घेतलं.

बैल मिळाला, बरगड्या दिसायला लागलेला. घंटा मिळाली. वाकळ मिळाली नाही. आणि मग मला वाटत होतं त्याच्यापेक्षा वाईट झालं. कोर्टानं सोडलेल्या माणसाला त्या व्हिडिओनं धरलं. तुम्ही तुमच्या बारा गावांत गेलात, तर म्हातारे या म्हणायचे आणि त्यांचे नातू फोन काढून तुमच्यासमोर धरायचे. हाच का तो लंगडा. वाकळ नाही म्हणून तुम्ही बैलावर बसत नव्हता, बैलाला दोरीनं धरून चालत होतात, आणि चालणारा हेळवी कुणाला नको होता. एका घरातल्या सुशिक्षित मुलानं तर सांगितलं की आमचा वंश आम्ही कॉम्प्युटरवर घातलाय. हे मला सांगताना तुम्ही हसलात. मी हसले नाही. नव्या वाकळा काय शिवता येत नाहीत, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी तो विषय पुन्हा काढला नाही. ती तुमच्या आईनं शिवलेली होती.

त्यानंतर तुम्ही दर पंधरा दिवसांनी माझ्या ऑफिसात यायला लागलात. जतकडून पहिल्या एसटीनं निघायचं, दहाला माझ्या बाकावर हजर. पक्षकार ताटकळत आणि तुम्ही मध्ये बसून भाकरी सोडणार. मलाही अर्धी देणार. मी नको म्हणणार. सहा वेळा नको म्हटल्यावर तुम्ही सातव्यांदा विचारलंत, की बाई, तुम्ही कुणाकडून काही घेतच नाही का. मी तुम्हाला बघतोय, तुम्ही दिवसभर घसा कोरडा पडेपर्यंत बोलता, पण शेजारच्या टेबलावरचं पाणीसुद्धा मागत नाही.

तेव्हा मी तुम्हाला आमच्या घरचं सांगितलं. माझे आजोबा गावकीची कामं करायचे आणि संध्याकाळी दुरडी घेऊन घरोघर भाकरी मागायचे. शिळी, वरून टाकलेली. छप्पन्न सालानंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली, तेव्हा आजोबांनी ती दुरडी चुलीत घातली. त्या रात्री घरात खायला काही नव्हतं आणि ती दुरडी जळताना सगळे बघत बसले होते, हे माझे वडील शंभर वेळा सांगायचे. वडील एसटीत कंडक्टर झाले. आम्हा भावंडांना शाळेत मैत्रिणीकडून पेन्सिल मागायची परवानगी नव्हती. पेन्सिल नसेल तर नसू दे, घरी येऊन लिही. हात द्यायला पुढे करायचा, घ्यायला नाही, हा आमच्या घराचा कायदा. त्या दुरडीच्या राखेतून माझा काळा कोट आलाय तात्या, असं मी तुम्हाला म्हणाले. आणि तुम्ही इथे बसून मला सांगता की मागणं हा हक्क आहे. 

तुम्ही भाकरी गुंडाळून ठेवलीत. मग शांतपणे म्हणालात, "तुमच्या आज्यानं मागनं सोडलं. त्यानं सोडलं बाई. पोलिसानं सोडवलं न्हाई."

 मी दुसरीकडून चावले. विचारलं, तुमच्या त्या चोपडीत एवढ्या पिढ्या आहेत, त्यात आमच्या वस्तीचं एक तरी घर आहे का. बारा गावांत फिरलात, कधी आमच्याकडे बैल वळवलात का. आमच्या माणसांना आजा-पणजा नव्हता का. ऑफिसातले पक्षकार आमच्याकडे बघायला लागले, इतका माझा आवाज चढला होता. तुम्ही चप्पल घातलीत आणि गेलात. पंधरा दिवस झाले, आला नाहीत. महिना झाला. मी म्हटलं गेलं, तुटलं.

मग एक दिवस आलात आणि बसायच्या आधी बोललात, जणू आत्ताच उठून गेला होतात. तुमचं बरोबर हाय, म्हणालात. माझ्या आजानं वळवला नाही, बापानं वळवला नाही, मी पण नाही. चूक म्हणून कधी वाटलंच नाही, हेच चुकलं. एवढं बोलून तुम्ही भाकरी सोडलीत आणि मला विचारलंसुद्धा नाहीत. अर्धी माझ्यासमोर ठेवलीत. मी ती खाल्ली नाही. उचलून डब्यात ठेवली आणि घरी जाऊन खाल्ली. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. चटणी तिखट होती.

शेवंताबाईच्या अपिलाचा विचार त्याच दिवशी निघाला. वेगवेगळे मुद्दे मी काढले होते, चौकशी नीट झाली नाही, वैद्यकीय तपासणी नाही, वगैरे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, हे सगळं बाजूला ठेवा, माझं नाव घाला. "मी मागतो, ती मागती. माझ्याकडं चोपडी हाय, तिच्याकडं न्हाई, येवढाच फरक. तिला धरायचं तर मला बी धरा. असं लिवा."

मी लिहिलं. लिहिलं ते खरं, तात्या, चांगलं लिहिलं. मागणारा माणूस दुसऱ्या माणसाशी बोलतो आहे, तो नाही म्हणू शकतो, हो म्हणू शकतो, यात सरकारचा संबंध कुठे येतो, असं सगळं. पण सही मी करू दिली नाही. पहिल्यांदा आलात तेव्हा म्हटलं, टायपिंग चुकलंय. दुसऱ्यांदा म्हटलं, नोटरी गावाला गेलेत. नोटरी खालच्या मजल्यावर बसले होते, चहा पीत. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मंगळवारी या. तेव्हा तुम्ही खोकत होतात, बाकावर मान मागे टाकून बसला होतात, आणि तुम्हाला माहीत होतं की मी टाळते आहे. कारण विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की मला भीती वाटते, या कागदाच्या जोरावर तुम्हाला परत आत घेतील आणि या खोकल्यात तुम्ही तिथे टिकणार नाही. ते खरंही होतं. पण निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं असं की माझ्या लेटरहेडवरून, माझ्या सहीनं, मागणं हा गुन्हा नाही असं वाक्य कोर्टात जाणार होतं, आणि मला चुलीतली दुरडी दिसत होती. मी तुमच्यासाठी नाही, आजोबांसाठी टाळत होते. आणि आजोबांनी असं काही मला सांगितलेलं नव्हतं.

परवा तुमच्या घरी आले होते. गंगव्वानं चहा दिला, बैल गोठ्यात होता, मला बघून त्यानं मान हलवली ती उगाच. तिनं चोपडी काढून माझ्यासमोर ठेवली. शेवटची पानं उलटली आणि म्हणाली, हे तुम्ही बघायला पाहिजे. मला ते अक्षर वाचता येईना, कानडी आणि मोडी मिसळलेलं. तिनं वाचून दाखवलं. बायका नावं म्हणत नाहीत तुमच्यात, पण इतकी वर्षं ऐकून तिला सगळं येतं, आणि सूरही येतो. तुम्हाला माहीत होतं का हे? मला वाटतं माहीत होतं.

पान शेवंताबाईचं होतं. शेवंता, बाप नामा, आई तान्हाबाई, मूळ गाव माणदेशातलं, आजा मेंढरं राखायचा, एक भाऊ पटकीनं गेला, नवरा शंकर, दोन लेकरं, एक जगलं नाही, दुसरं मुंबईला गेलं ते गेलं. चुलत्याचं नाव आठवत नाही असंही लिहिलं होतं, आणि त्याखाली जागा सोडली होती. म्हणजे तुम्ही मला सांगायचात तसं दर महिन्याला साताऱ्याकडे जाऊन तिला नुसती केळी देऊन येत नव्हता. तुम्ही तिथे जाळीपाशी बसून तिच्याकडून एकेक नाव काढत होतात. कोर्टात तिला कुणी आहे का म्हणून विचारलं तेव्हा ती गप्प उभी होती, आणि तिची एवढी माणसं होती.

त्या पानाच्या पुढचं पान कोरं होतं. वर फक्त माझ्या आजोबांच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. गाव मी तुम्हाला कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही. पुढे काही नाही. तुम्ही मला विचारणार होतात, आणि मी मंगळवारी या म्हणाले. गंगव्वानं विचारलं, हे काय आहे.  मी चहा सांडला.

काल मी साताऱ्याकडे गेले. शेवंताबाईला तुमचं सांगायचं होतं. जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे ती, मध्ये स्टुलावर पहारेकरी. मी सांगितलं. ती रडली नाही. जाळीला बोटं लावून म्हणाली, "मग आता माजी मानसं कोन सांगनार?"

तेव्हा मला कळलं की तुम्ही नुसतं लिहून घेत नव्हता. दर वेळी तुम्ही तिला ते म्हणून दाखवत होतात.

मी गंगव्वाकडून लिहून घेतलेला कागद काढला आणि वाचायला लागले. कोर्टात वाचतात तसं वाचलं. तिनं मला दुसऱ्या ओळीवर थांबवलं, असं नाही, तात्या ओढून म्हणायचे. मला गाता येत नाही तात्या, शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवायचे. तरी ओढून म्हटलं. नामा, तान्हाबाई, मेंढरं राखणारा आजा. पहारेकरी मोबाइल खाली ठेवून ऐकत होता. चुलत्यापाशी आल्यावर मी थांबले, कारण तिथे जागा कोरी होती. शेवंताबाई पटकन म्हणाली, बिरा. चुलत्याचं नाव बिरा. परवाच आठवलं, तात्यांना सांगायचं राहिलं. मी ते पेन्सिलीनं कागदावर लिहिलं.

पुरं झाल्यावर मी कागद घडी करून उठायला लागले. ती म्हणाली, थांब. आत गेली आणि दुपारच्या जेवणातली एक पोळी पदरात घेऊन आली. जाळीच्या फटीतून ती पुढे केली आणि म्हणाली, "हात कर. नावं सांगितल्यावर रिकामं जायाचं नसतंय."

पहारेकरी बघत होता. त्या कायद्याच्या व्याख्येत मी अगदी चपखल बसत होते. पहिल्यांदा मला खरंच वाटलं, नको म्हणावं. सहा वेळा तुम्हाला म्हटलं तसं. मग मी हात पुढे केला, तळवा वर करून, माझ्या घरात दोन पिढ्या कुणी केला नव्हता तसा. तिनं पोळी ठेवली. वाळलेली होती. मी ती तिथेच, जाळीपाशी उभी राहून, सगळी खाल्ली, आणि मग पहारेकऱ्याकडे पाणी मागितलं.

परत येताना एसटीतच ठरवलं. वकिलाला आपल्याच पक्षकाराच्या प्रकरणात साक्षीदार होता येत नाही, म्हणून शेवंताबाईचं वकीलपत्र आज सकाळी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या वकिलांकडे दिलं. ते म्हणाले, वेड लागलंय का, सनद आहे तुमची, नाव आहे. मी म्हटलं, तुमच्याकडचं जरा पाणी द्या. प्रतिज्ञापत्रावरचं तुमचं नाव खोडलं, माझं घातलं. काल दुपारी अमुक ठिकाणी मी शेवंता शंकर हिला तिची माणसं सांगितली, तिनं मला पोळी दिली आणि मी ती हात पसरून घेतली, तिचा गुन्हा असेल तर माझाही आहे, एवढंच नवीन लिहिलं. बाकी सगळं तुमचंच आहे. या वेळी नोटरी जागेवर होते. फुलीपाशी सही केली.